रिसेट स्टाइलशीट कुठून आली आणि मराठी पानात ती काय बिघडवते

वेबपेजला एकही सीएसएस (पानाचे रूप ठरवणारे नियम; त्यांची फाइल म्हणजे स्टाइलशीट) जोडली नाही तरी शीर्षक मोठे दिसते, यादीला ठिपके येतात, चारही बाजूंनी ८ पिक्सेल जागा सुटते. ही मापे ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमधली. सीएसएसचे पहिले प्रमाण १९९६ साली आले, पण या मूळ मापांवर ब्राउझरांचे एकमत नव्हते. यादी आत सरकवायला जुना इंटरनेट एक्सप्लोरर मार्जिन (घटकाबाहेरची जागा) वापरायचा, मोझिला पॅडिंग (घटकाच्या आतली जागा). नुसते मार्जिन शून्य केले की यादी एकात कडेला चिकटायची, दुसऱ्यात जागची हलायची नाही.

२००४ मध्ये टॅन्टेक चेलिक यांनी ही मापे पुसणारी छोटी फाइल मांडली; अशा फाइलला रिसेट म्हणतात. २००७ मध्ये आलेले एरिक मायर यांचे रिसेट सर्वाधिक पसरले. त्यात एचटीएमएलचे टॅग (पानाचे घटक सांगणाऱ्या खुणा) नावानिशी घेऊन मार्जिन, पॅडिंग, बॉर्डर शून्य केलेले होते. फोकसची आउटलाइनही (निवडलेल्या लिंकभोवतीची रेघ) काढली होती. ती पुन्हा द्या, अशी सूचना फाइलमध्येच होती, तरी अनेकांनी ती दिली नाही. मग कीबोर्डवर टॅब दाबत जाणाऱ्याला आपण कोणत्या लिंकवर आहोत हेच कळेना. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम गेला.

मराठीला मात्र मायर यांच्या रिसेटमधली बॉडीची (सगळ्या पानाची) लाइन-हाइट १, म्हणजे ओळीची उंची फॉन्टच्या मापाइतकीच, जास्त नडते. रोमन अक्षरे तेवढ्यात कशीबशी मावतात. पण वरच्या ओळीत तुळजापूर आणि खाली हिंगोली आले, की वरचे उकार खालच्या वेलांटी-अनुस्वाराला भिडतात. देवनागरीसाठी १.६ च्या आसपास माप ठेवावे. तक्त्याचेही तसेच: लातूरच्या बाजारातले सोयाबीन-तुरीचे दर मांडले, तर पॅडिंग शून्य झाल्याने किमान आणि कमाल भाव एकमेकांना चिकटतात. प्रत्येक खान्याला ६ ते ८ पिक्सेल पॅडिंग परत द्यावेच लागते.

निकोलस गॅलघर आणि जोनाथन नील यांच्या नॉर्मलाइझ या फाइलने दुसरी वाट धरली: उपयोगी मापे ठेवायची, फक्त फरक मिटवायचे. आमच्या मते मजकूरप्रधान मराठी साइटला हेच बरे. आता एचटीएमएलचे प्रमाणच ही मूळ मापे सुचवते, त्यामुळे थोडेच नियम पुरतात: बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (रुंदीतच पॅडिंग आणि बॉर्डर धरणे), बॉडीचे मार्जिन शून्य, बटण आणि इनपुटला फॉन्ट इनहेरिट (पानाचाच फॉन्ट घेणे). हा शेवटचा नियम विसरला, तर पान मुक्ता फॉन्टमध्ये आणि ‘शोधा’ बटण सिस्टिमच्या भलत्याच फॉन्टमध्ये दिसते.

रिसेटची फाइल आपल्या फाइलच्या आधी जोडावी. नंतर जोडली, तर समान वजनाच्या (सारख्याच प्राधान्याच्या) नियमांत नंतरचा लागू होत असल्याने तिचेच शून्य टिकते.