शर्मिष्ठेतले टायटॅनियम आणि जिनिव्हातला प्रयोग

उत्तर आकाशात शर्मिष्ठा तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे 11,000 प्रकाशवर्षांवर, एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष पसरत चालले आहेत. त्यांचे नाव कॅसिओपिया-ए. स्फोटाचा उजेड पृथ्वीवर पोचून साडेतीनशे वर्षे होत आली, तरी तिथले टायटॅनियम-44, म्हणजे टायटॅनियम धातूचा एक किरणोत्सारी प्रकार, अजून गॅमा किरण सोडते आहे. याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, जेमतेम 60 वर्षे; त्यामुळे मूळच्या शंभर अणूंतले दोनेकच आता उरले असतील. तरीही 1994 साली कॉम्प्टेल या उपकरणाने त्याची खूण टिपली आणि 2014 साली नूस्टार दुर्बिणीने त्याचा नकाशा काढला. स्फोटात बनलेले टायटॅनियम-44 भरते सुमारे चाळीस पृथ्व्यांच्या वजनाइतके, आणि ते विखुरले आहे वेडेवाकडे, पुंजक्यापुंजक्यांनी.

या अणूचा क्षय होऊन शेवटी कॅल्शियम-44 बनते. आपल्या हाडांतल्या कॅल्शियमचे शेकडा दोन अणू याच जातीचे असतात, आणि त्यांतले बहुतेक अशाच स्फोटांची देणगी आहेत.

तारा कोसळताना गाभ्याचा न्यूट्रॉन तारा होतो, बाकीचे बाहेर भिरकावले जाते. टायटॅनियम-44 बनते ते या दोहोंच्या सीमेलगत, काही अब्ज अंश तापमानात. म्हणून ते किती निसटले यावरून स्फोट आत कसा घडला याचा माग लागतो. पण बनलेल्यापैकी किती तिथल्या तिथेच नष्ट होते? हेलियमचे अणुकेंद्रक त्यावर आदळले की एक प्रोटॉन सुटतो आणि व्हॅनेडियम-47 उरते. या अभिक्रियेचा वेग चुकला, तर संगणकावरचे सगळे गणित चुकते. तो मोजूनच घ्यावा लागतो.

मोजणार कसा? टायटॅनियम-44 पृथ्वीवर निसर्गात सापडत नाही. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत प्रोटॉनांचा मारा सोसून किरणोत्सारी झालेले धातूचे भाग होते. एरवी तो कचराच. रसायनतज्ज्ञांनी त्यातून टायटॅनियम-44 वेगळे काढले. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत, किरणोत्सारी अणूंचे झोत बनवणाऱ्या आयसोल्ड केंद्रात, त्याचा झोत करून तो हेलियम वायूने भरलेल्या कुपीत सोडला. पलीकडे सिलिकॉनचे डिटेक्टर प्रोटॉनांची वाट पाहत होते.

टायटॅनियमच्या केंद्रकात 22 प्रोटॉन, हेलियमच्या केंद्रकात 2. दोन्ही धनभारित, त्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. ऊर्जा जरा कमी केली की अभिक्रियेची शक्यता झपाट्याने घसरते. आधीचे मोजमाप जास्त ऊर्जेचे होते. सुपरनोव्हात, म्हणजे ताऱ्याच्या अशा स्फोटात, महत्त्वाची असते ती याहून खालची पातळी, आणि हा प्रयोग तिथपर्यंत उतरला.

पार्श्वभूमीच्या नोंदी वजा केल्यावर अभिक्रियेचे म्हणता येतील असे प्रोटॉन दिसलेच नाहीत. निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाला. हे अपयश मुळीच नव्हे. काहीच न दिसल्यामुळे वेगाला वरची मर्यादा पडली, आणि ती तोवरच्या अंदाजापेक्षा खाली होती. टायटॅनियम-44 कमी नष्ट होत असेल, तर जास्त शिल्लक राहते. स्फोटाच्या अनेक संगणकीय प्रारूपांना कॅसिओपिया-एइतके टायटॅनियम दाखवणे जड जात होते, त्यांना याने आधार मिळतो. प्रत्यक्ष वेग हाती यायचा, तर याहून दाट झोत हवा आणि प्रोटॉन मोजायला जास्त वेळ हवा.