हत्तीच्या जनुकाच्या वीस प्रती

तिळारीच्या बाजूने गोव्यातल्या पेडण्यात हत्ती उतरला की माड-केळींची नासधूस आणि वनखात्याची धावपळ, एवढीच बातमी होते. कर्करोगाचे संशोधक मात्र २०१५ पासून या प्राण्याच्या टीपी५३ जनुकामागे आहेत.

या जनुकापासून बनणारं पी५३ प्रथिन १९७९ मध्ये सापडलं. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, तर अमेरिकेत आर्नल्ड लेव्हिन एकाच माकड-विषाणूवर काम करत होते. पुढची दहा वर्षं हे जनुक कर्करोग घडवणारं म्हणून बदनाम झालं, कारण प्रयोगांत वापरलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाचं आतड्याच्या कर्करोगावरचं काम आलं आणि चित्र उलटलं. डीएनए बिघडलेल्या पेशीला रोखणारं, वेळ पडल्यास मारणारं जनुक ते हेच.

माणसात ते १७ व्या गुणसूत्रावर असतं. ११ एक्सॉन (म्हणजे जनुकाचे, तयार आरएनएत टिकणारे तुकडे), ३९३ अमिनो आम्लांचं प्रथिन. उंदरात मांडणी तीच. डीएनएला धरणारा मधला भाग तर जवळजवळ तसाच. माणसात १७५ व्या जागी असलेलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल कर्करोगात वारंवार बदललेलं सापडतं. उंदरात तेच १७२ व्या जागी बसलंय, कारण त्याआधीचा तुकडा जरा आखूड आहे. प्रथिनाच्या सुरुवातीकडे प्राणी बदलला की बरंच बदलतं.

उंदरात १९८३ मध्येच या जनुकाची इंट्रॉन (एक्सॉनांच्या मधले, आरएनएतून छाटले जाणारे तुकडे) नसलेली, निकामी प्रत सापडली होती. आरएनएचं उलट डीएनए होऊन ते गुणसूत्रात भलतीकडे घुसलं की अशी प्रत तयार होते. अडगळच म्हणायची!

अशा प्रती म्हणजे अडगळ, हा समज हत्तीने हलवला. आफ्रिकी हत्तीत २० प्रती निघाल्या: एक मूळ, बाकी इंट्रॉनविना. आपल्याकडच्या आशियाई हत्तीतही १५ ते २०. यातल्या काही कामाच्या असाव्यात. डीएनए बिघडला की हत्तीच्या पेशी माणसाच्यापेक्षा लवकर मरतात. एवढ्या पेशी असूनही मोठ्या प्राण्यांना कर्करोग जास्त का होत नाही, या रिचर्ड पेटो यांच्या १९७० च्या दशकातल्या कोड्याचं हे पूर्ण उत्तर मात्र नव्हे. देवमाशात अशा प्रतींचा ढीग नाही.

या जनुकांचे हे सगळे डीएनए-क्रम आज फुकट उपलब्ध आहेत, ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यालाही शेजारी-शेजारी लावून पाहता येतील. फक्त प्रती मोजताना जपून: वाचलेल्या छोट्या तुकड्यांतून पूर्ण डीएनए जोडताना एकसारखे तुकडे एकमेकांवर बसतात आणि आकडा खरा असेल त्याहून कमी दिसतो.