मेटलमध्ये पॉप शिरलं कुठून? स्लीप टोकन ऐकण्याआधी थोडी पार्श्वभूमी

ज्यांनी स्लीप टोकन हे नाव अजून ऐकलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. लंडनचा मेटल बँड (मेटल म्हणजे जड गिटारचं, दणदणीत रॉक), २०१६ पासूनचा, सगळे मास्क घालून वाजवतात, गाणारा स्वतःला वेसल म्हणवतो आणि बाकीच्यांची नावं नुसती टू, थ्री, फोर. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचं 'द समनिंग' आलं, साडेसहा मिनिटांचं गाणं, त्यात घसा फाडून ओरडणं आहे, पोटात गोळा आणणारी गिटार आहे आणि शेवटी अचानक असा फंक, म्हणजे नाचरा ठेका, सुरू होतो की वाटतं चुकून दुसरंच गाणं लागलं. मे २०२५ मध्ये त्यांचा 'ईव्हन इन आर्केडिया' अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बम-यादीत थेट एक नंबरला. माझ्या घणसोलीच्या भाच्याने लिंक पाठवली, खाली लिहिलेलं, मामा हे एकदम नवीन आहे, मेटल आणि पॉप मिक्स. मी लिहिलं बँड नवीन आहे रे, मिक्स नाही. त्यावर त्याचं "म्हणजे??" आलं आणि उत्तर काही व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून हे.

मेटलची सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची, ती सगळ्यांना माहीत असते. टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा डावखुरा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या आणि पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून तारा सैल करून गिटार खालच्या सुरात लावली. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. तो जड, खोल आवाज तिथून आला. तेव्हा हे पॉपच्या बरोब्बर उलट होतं हे खरंय, पण ते 'उलट' असणं जेमतेम दहा-बारा वर्षं टिकलं.

कारण १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं दिसायला लागलं. १९८२ मध्ये मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'मध्ये गिटारचा सोलो वाजवला व्हॅन हेलन या हार्ड रॉक बँडच्या एडी व्हॅन हेलनने, तोही फुकटात. म्हणजे ज्या मायकलला १९९६ मध्ये शिव उद्योग सेनेने अंधेरीत आणला आणि जो आमच्या ठाण्याच्या चाळींमध्येसुद्धा कॅसेटवर वाजायचा, त्याच्या गाण्यात हेवी गिटार आधीपासून होती, फक्त आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी व्हॅन हेलन बँडने उलटा डाव टाकला, 'जंप'ची मुख्य धून चक्क सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, आणि ते गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. सोवळ्यातल्या मेटलवाल्यांनी तेव्हाही नाकं मुरडली होतीच.

पण माझ्या मते खरा माणूस वेगळाच आहे, आणि तो कुठल्याच बँडमधला नाही. मट लँग, प्रोड्युसर. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' त्याचा, आणि डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' (१९८७) पण त्याचाच. डेफ लेपर्ड शेफील्डची पोरं, त्यांना लँगने सांगितलं की असा रॉक अल्बम करू ज्याचं प्रत्येक गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटं काढलं तरी चालेल, मायकलच्या 'थ्रिलर'सारखं. मग तीनेक वर्षं घासत बसले. मधेच १९८४ च्या शेवटच्या दिवशी ड्रमर रिक अ‍ॅलनचा अपघात झाला, डावा हात गेला, तरी गडी अर्धा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट बनवून घेऊन डाव्या हाताचं काम डाव्या पायाने करायला शिकला. स्टुडिओत लँग काय करायचा तर काही ठिकाणी गिटारची कॉर्ड एका फटक्यात न घेता एकेक तार वेगळी रेकॉर्ड करायची आणि मग थर चढवायचे, मागचे आवाज एकावर एक इतके की चार-पाच माणसं गातायत असं वाटतच नाही, अख्खं स्टेडियम गातंय वाटतं. आणि गिटार अँपमधून नाहीच, रॉकमन नावाच्या हेडफोनच्या डबीतून! बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ एमआयटीचा इंजिनिअर, त्याने वॉकमनएवढी ती डबी घरी प्रॅक्टिसला म्हणून बनवलेली. आज ऐरोली-कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये पोरं रात्री गिटारला हेडफोन लावून वाजवतात, सेक्रेटरीचा फोन येऊ नये म्हणून, तर तोच प्रकार. फक्त त्या डबीवर वाजवलेल्या अल्बमच्या जगभरात दोन कोटींच्या वर कॉप्या खपल्या. आणि हाच लँग पुढे १९९७ ला शनाया ट्वेनचा 'कम ऑन ओव्हर' करतो, कंट्री पॉप, आणि नीट ऐकलंत तर थर तेच.

पुढचा टप्पा स्वीडनचा आणि मला सगळ्यात मजा याचीच वाटते. स्टॉकहोमात इट्स अलाइव्ह नावाचा एक मेटल बँड होता, फार काही चालला नाही. त्याच्या गायकाला डेनिझ पॉप नावाच्या प्रोड्युसरने आपल्या शेरॉन स्टुडिओत घेतलं आणि नाव दिलं मॅक्स मार्टिन. होय तोच, ब्रिटनी स्पिअर्सचं १९९८ चं पहिलं गाणं, बॅकस्ट्रीट बॉईज, नंतर केली क्लार्कसन, टेलर स्विफ्ट, द वीकेंड. लोक म्हणतात पॉपने मेटल खराब केलं, अरे पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या पॉपचा सगळ्यात मोठा कारागीरच मेटल गाऊन आलाय, त्याचं काय! म्हणून स्वीडनच्याच घोस्ट या मेटल बँडची गाणी ऐकताना, भुताचे कपडे, सैतानाचे शब्द आणि कोरस मात्र लगेच गुणगुणावा असा, मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या कॉर्न बँडने सात तारांची गिटार घेऊन आवाज आणखी खाली नेला, त्यात हिपहॉप घातलं, तो इतिहास मोठा आहे पण इथे पटकन पुढे जाऊ. ऑक्टोबर २००० मध्ये लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचा 'हायब्रिड थिअरी' अल्बम आला आणि आपल्याकडे तो असा पोचला की विचारू नका. कॉपी केलेल्या सीडी, सायबर कॅफेतून उतरवलेली एमपी३, ठाण्यात क्लासला जाणाऱ्या दर पाचव्या पोराच्या अंगात तो काळा टीशर्ट. का पोचला ते गाण्यांच्या बांधणीत आहे. बारा गाणी, सगळा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत, गिटारचे सोलो जवळपास नाहीतच. माइक शिनोडा कडवं रॅप करतो, चेस्टर बेनिंग्टन कोरसला सुरात येतो, एक जागा ओरडण्यासाठी राखून ठेवलेली आणि तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खलास. हा पॉपचा आराखडा आहे, फक्त आवाज वाढवलाय. २००१ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच.

मुंबईचं म्हणाल तर धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा, ठाण्याची पोरं लोकलने जायची आणि शेवटची गाडी पकडायला धावायची. २००० नंतर शांतता क्षेत्राच्या नियमांपायी तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. फेब्रुवारी २००८ ला इंग्लंडचा मेटल बँड आयर्न मेडन बीकेसीत वाजवून गेला तो दिवस आणि असे मोजके अपवाद सोडले तर आमच्या वाट्याला छोटे पब आणि कॉलेज फेस्टच. नवी मुंबईत नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, पण तिथे आलं कोण तर २०१७ ला बीबर, २०१९ ला यू२, २०२५ ला कोल्डप्ले. मेटल नाही. आणि आपल्याकडेही स्वीडनसारखाच किस्सा झालाय बरं का, मुंबईच्या पेंटाग्राम या रॉक बँडचा मंचावर घसा फोडणारा विशाल ददलानी दुसरीकडे विशाल-शेखर म्हणून हिंदी सिनेमाची नाचाची गाणी करत होता. कोणी त्याला बाटलेला म्हटलं, कोणी लग्नात नाचलं, बरेच जण दोन्ही.

मग २०१० मध्ये जपानमध्ये बेबीमेटल हा बँड. शाळकरी मुलींच्या साकुरा गाकुइन या आयडॉल (गाणाऱ्या-नाचणाऱ्या पॉप मुलींच्या) ग्रुपमधल्या तीन पोरी, मेटल म्हणजे काय हे त्यांना आधी माहीतही नव्हतं असं त्या स्वतः सांगतात, आणि डोकं परत प्रोड्युसरचंच, कोबामेटल. मागे वाजवणारे मात्र कसलेले. २०१४ ला चॉकलेटवरचं त्यांचं गाणं यूट्यूबवर पसरलं तेव्हा अर्धे लोक हसत होते, एप्रिल २०१६ ला त्यांनी लंडनचं वेम्बली अरीना गाजवलं. दिल्लीचा ब्लडीवूड बँडसुद्धा सुरुवातीला गंमत म्हणून पॉप आणि भांगड्याची मेटल कव्हरं करायचा, २०१९ ला जर्मनीत वाकनच्या मेटल महोत्सवात वाजवून आला, आणि २०२५ च्या 'नु दिल्ली' अल्बममध्ये त्यांच्यासोबत गायल्या कोण तर बेबीमेटल.

तर स्लीप टोकनमध्ये यातलं काय काय आहे ते आता ऐकू येईल. मास्क आणि गूढपणा घोस्टच्या घरचा, गिटार कॉर्नहून खालची, थर लँगचे. यांनी स्वतःचं असं काय आणलं तर कडव्यांमधलं आर अँड बी (मऊ, लाडिक गाणं), ट्रॅप या हिपहॉप प्रकारातले भरभर वाजणारे हायहॅट (ड्रमच्या झांजा), आणि ड्रमर टू, जो त्या मऊ गाण्याखाली इतकं बारीक वाजवतो की नुसते ड्रम ऐकण्यासाठी लोक त्याचे वेगळे व्हिडिओ बघतात. दुसरं म्हणजे लिंकिन पार्कसारखी काटछाट यांना जमत नाही किंवा करायची नाही, सहा-सात मिनिटं सहज घेतात, काही गाणी उगाच ताणलीयत असं माझं मत. मेटलच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणं चालू आहेत, हे मेटल नाहीच वगैरे, 'हिस्टेरिया'च्या वेळी जी झाली तीच. ऐकायचं असेल तर फोनच्या स्पीकरवर नको, खालचे सूर त्यात येतच नाहीत, बरे हेडफोन लावा, 'द समनिंग' लावा आणि शेवटचा फंक येईपर्यंत बंद करू नका.