मिनी क्रूझ

मिनी क्रूझ : एका बंदरातून निघून एक ते चार रात्रींत बहुधा त्याच बंदरात परतणारी सागरी सहल. निवास, जेवण आणि करमणूक जहाजावरच असते. वाटेतल्या बंदरात उतरायला मिळते ते काही तासांपुरते. काही फेऱ्यांत तेही नसते. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र, फ्लॉरिडा-बहामा पट्टा आणि सिंगापूर ही या सहलींची प्रस्थापित क्षेत्रे होत. भारतात त्या मुख्यतः मुंबईहून निघतात.

दहा-पंधरा दिवसांची क्रूझ छाटून तीन दिवसांची केली की मिनी क्रूझ होते, असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात तिच्या निघण्या-पोहोचण्याच्या वेळा, भाडेआकारणी, केबिनची रचना आणि दुकाने उघडण्याचे नियम यांवर प्रवासी व मोटारी वाहणाऱ्या फेरीजहाजांच्या धंद्याचा ठसा अधिक आहे. हे ध्यानात घेतले, की जहाजावर काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचा अंदाज बराच अचूक बांधता येतो.

उगम : पर्यटनासाठी जहाज चालवण्याची सुरुवात कोणी केली याविषयी एकमत नाही. हांबुर्क-अमेरिका कंपनीच्या ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ या जहाजाने १८९१च्या जानेवारीत केलेली भूमध्य समुद्राची फेरी बहुतेक ठिकाणी पहिली मानली जाते. मात्र १८४०च्या दशकातील पी अँड ओ या ब्रिटिश जहाजकंपनीच्या भूमध्य सफरींचे दाखलेही दिले जातात. या साऱ्या सफरी आठवड्यांच्या होत्या. आखूड सफरींचे मूळ शोधताना तीन धागे पुढे येतात.

पहिला धागा अमेरिकेतील दारूबंदीचा (१९२०–३३). किनाऱ्यालगतची सागरी हद्द ओलांडली की परदेशी जहाजावर मद्यविक्री करता येई; म्हणून न्यूयॉर्कहून कुठेही न थांबता परतणाऱ्या किंवा नोव्हा स्कॉशिया, बर्म्यूडा, नॅसॉपर्यंत जाणाऱ्या छोट्या फेऱ्या निघू लागल्या. पुढे मंदीच्या काळात अटलांटिक ओलांडणाऱ्या बड्या जहाजांनीही रिकामे दिवस भरून काढायला हाच मार्ग धरला. दुसरा धागा बाल्टिकचा. १९५२च्या जुलैपासून नॉर्डिक (स्वीडन, फिनलंड, नॉर्वे, डेन्मार्क) नागरिकांना आपापसांत पासपोर्टविना प्रवास करता येऊ लागला. १९५७ मध्ये सिल्या आणि १९५९ मध्ये व्हायकिंग या नावांखाली स्वीडन–फिनलंड फेऱ्या सुरू झाल्या आणि त्याच जहाजाने परत येणारा प्रवासी हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक ठरले. तिसरा धागा मायामीचा. ‘सनवर्ड’ हे १९६६ चे नॉर्वेजियन जहाज मुळात इंग्लंड–जिब्राल्टर मार्गासाठी बांधलेले, मोटारी वाहणारे फेरीजहाज होते. तो मार्ग फसल्यावर नॉर्वेचे जहाजमालक क्नुट क्लोस्टर आणि मायामीचे व्यावसायिक टेड अॅरिसन यांनी ते मायामीला आणले आणि १९ डिसेंबर १९६६ पासून मायामी–नॅसॉ अशा तीन-चार दिवसांच्या नियमित फेऱ्या चालवल्या.

सनवर्डला आरंभबिंदू मानण्याकडे अमेरिकी लेखनाचा कल दिसतो. तो पूर्णपणे स्वीकारता येत नाही, कारण मायामी–नॅसॉ मार्गावर त्याआधीही जुनी जहाजे आखूड फेऱ्या करीत होती. त्यांपैकीच ‘यार्मथ कॅसल’ १३ नोव्हेंबर १९६५ रोजी आगीत नष्ट होऊन ९० जण दगावले. दारूबंदीकालीन फेऱ्यांतही नियमित वेळापत्रकाची परंपरा फारशी दिसत नाही. सनवर्डचे खरे महत्त्व असे, की सफरीसाठी चालवलेले ते नवे, वातानुकूलित आणि फेरीजहाजाच्या साच्यातले जहाज होते. बाल्टिक आणि मायामी हे दोन धागे या ठिकाणी एकत्र येतात. त्यामुळे फेरीजहाजांतून मिनी क्रूझ निघाली हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे प्रभाव उलट दिशेनेही वाहिला. १९९० च्या ‘सिल्या सेरेनेड’मधील सुमारे १४२ मीटर लांबीचा, दुतर्फा दुकाने असलेला आतला रस्ता फिनलंडमधील तुर्कूच्या गोदीत बांधला गेला, त्याच गोदीतून १९९९ मध्ये निघालेल्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ या महाकाय क्रूझजहाजात तीच कल्पना पुन्हा दिसते.

करव्यवस्था आणि मार्ग : मिनी क्रूझचा मार्ग पुष्कळदा नकाशापेक्षा कायद्याने ठरतो. १ जुलै १९९९ पासून युरोपीय संघातील देशांदरम्यानच्या प्रवासात करमुक्त विक्री बंद झाली. स्वीडन व फिनलंड यांच्यामधील ओलांड द्वीपसमूह मात्र फिनलंडच्या १९९५ मधील संघप्रवेशाच्या करारानुसार संघाच्या अप्रत्यक्ष करांच्या क्षेत्राबाहेर आहे. तेथे थांबा घेतला की करमुक्त विक्री चालू ठेवता येते; त्यामुळे स्टॉकहोम–हेलसिंकी आणि स्टॉकहोम–तुर्कू मार्गावरील जहाजे ओलांडमधील मारीहाम्न किंवा लोंगनेस या बंदरांत थोडा वेळ थांबतात, अनेकदा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे. झोपेत धक्क्याला लागल्याचे हादरे जाणवतात ते यामुळे. स्टॉकहोम–तालिन मार्गावरही हाच थांबा आढळतो. अमेरिकेत १८८६ च्या कायद्याने परदेशी ध्वजाच्या जहाजाला देशातल्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी नेता येत नाहीत. तेथील बहुतेक क्रूझजहाजे परदेशी नोंदणीची असल्याने बहामातील थांबा सोयीचा ठरतो. जहाज धक्क्याला असताना दुकाने आणि कॅसिनो सहसा बंद राहतात व ठरावीक हद्द ओलांडल्यावर उघडतात, याचे कारणही करकायद्यात आहे.

भाडे कमी ठेवून खाणे, पेये व खरेदी यांतून उत्पन्न काढणे हा या धंद्याचा पाया होय. फेरीजहाजांवर भाडे बहुधा केबिनमागे असते, त्यामुळे चौघांनी घेतलेली केबिन फार स्वस्त पडते. क्रूझजहाजांवर ते दोघांच्या हिशेबाने माणशी लावतात आणि एकट्याला जादा आकार भरावा लागतो. हिवाळ्यातील आठवड्याच्या मधल्या फेऱ्या सर्वांत स्वस्त, तर शुक्रवार-शनिवारच्या सर्वांत गजबजलेल्या व गोंगाटाच्या असतात. शांतता हवी असणाऱ्याने शुक्रवार टाळणे हाच उपाय.

प्रवासाचा क्रम : फेरीजहाजावर नोंदणी सुटण्याच्या साधारण ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते, क्रूझजहाजावर त्याहून आधी. जहाज धक्क्याला उभे दिसत असले तरी वेळ टळल्यावर प्रवेश मिळत नाही, कारण प्रवाशांची अंतिम यादी तोवर बंदराकडे गेलेली असते. मिळणारे कार्ड हीच केबिनची किल्ली आणि क्रूझजहाजावर तेच खर्चाचे खाते. त्याला बँकेचे कार्ड जोडले की काही रक्कम आगाऊ अडवून ठेवली जाते. प्रत्यक्ष बिल भागल्यावरही ती सुटायला काही दिवस लागू शकतात. म्हणून खात्यात मोजकेच पैसे असताना डेबिट कार्ड जोडू नये.

केबिनींत मोठा फरक असतो. फेरीजहाजांवर सर्वांत स्वस्त केबिन वाहनतळाच्या खाली, पाण्याच्या पातळीजवळ असतात. तेथे खिडकी नसते, यंत्रांची घरघर असते आणि पहाटे वाहने हलू लागली की झोप मोडते. मात्र डुलणे तेथे सर्वांत कमी जाणवते. वाहनतळ प्रवासभर कुलूपबंद असतो, त्यामुळे रात्रीचे सामान आधीच वेगळे काढून घ्यावे लागते. औषधे, दात घासण्याचे सामान आणि चार्जर गाडीत राहणे ही नेहमीची फजिती. क्रूझजहाजावर मोठ्या बॅगा खलाशी केबिनपर्यंत पोहोचवतात, पण त्या संध्याकाळपर्यंत न आल्यास आश्चर्य नाही.

भोजनाच्या बुफेला बहुधा दोन पाळ्या असतात. पहिल्या पाळीत पदार्थ ताजे पण वेळ आखलेली. दुसरीत रेंगाळता येते, मात्र त्याच वेळी रंगमंचावरचा मुख्य कार्यक्रम सुरू असण्याचा संभव. फेरीजहाजांवर जागा तिकिटाबरोबरच राखल्यास दर कमी पडतो. बाल्टिकच्या बुफेत मुरवलेली हेरिंग, सॅमन आणि थंड मांसाचे काप भरपूर. शाकाहारी माणसाला बटाटे, कोशिंबिरी, चीज, ब्रेड व गोड पदार्थ यांवर भागवावे लागते. भारतीय जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते.

उतरण्याचा वेळ कागदावर दिसतो त्याहून कमी असतो. न्यूकॅसल–ॲमस्टरडॅम मिनी क्रूझमध्ये जहाज ॲमस्टरडॅमला नव्हे, तर तेथून सुमारे ३० किलोमीटरवरील एयमाउडन बंदरात लागते. सकाळी उतरून बसने शहर गाठायचे आणि दुपारीच परतायचे, यात शहरात चार-पाच तासच हाती लागतात. स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाऊन त्याच जहाजाने परतणाऱ्याला साधारण सहा तास मिळतात, आणि बंदर शहरालाच लागून असल्याने ते पुरेसे असतात. येथे घड्याळाचा घोळ होतो : फिनलंड स्वीडनपेक्षा एक तास पुढे आहे, सुटण्याची वेळ त्या त्या बंदराच्या स्थानिक वेळेनुसार छापलेली असते आणि मोबाइल वाटेत ओलांडच्या मनोऱ्याला जोडला जाऊन आपोआप तास बदलतो. जुन्या वळणाचे वाटले तरी मनगटी घड्याळ हाताने बंदराच्या वेळेवर लावून ठेवणे उत्तम. समुद्रात फोन विमान-स्थितीत ठेवावा. जहाजावरील उपग्रह-जाळे नेहमीच्या रोमिंग योजनेत सहसा मोडत नाही आणि काही मिनिटांत मोठे बिल येते.

कागदपत्रांत सर्वाधिक चुका ब्रिटनमधून निघताना होतात. तेथे राहणाऱ्या किंवा तेथे फिरायला गेलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला ॲमस्टरडॅमच्या काही तासांसाठीही शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) लागतो, आणि ब्रिटनमध्ये पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा किंवा निवासपरवानाही वैध असावा लागतो. नसल्यास धक्क्यावरच अडवतात व भाडे परत मिळत नाही. स्टॉकहोम–हेलसिंकी किंवा हेलसिंकी–तालिन ही शेंगेन क्षेत्रातलीच ये-जा असल्याने एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरतो. पासपोर्ट मात्र जवळ हवा.

समुद्रमान : बाल्टिकमधील मार्गाचा मोठा भाग बेटांच्या आडोशाने जातो. स्टॉकहोमबाहेरील द्वीपसमूह पार करायला तीन-चार तास लागतात आणि त्या वेळी वेगमर्यादा असते. उघडा समुद्र त्यानंतर लागतो. उत्तर समुद्रात असा आडोसा नाही, म्हणून तेथे हिवाळ्यात बोट लागण्याचे प्रमाण अधिक. जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली असलेले स्थिरक पंख आडवे डुलणे कमी करतात, नाळेकडून (जहाजाच्या पुढच्या टोकाकडून) वरखाली हिंदकळणे नाही. शिवाय त्यांचा जोर वेगावर अवलंबून असतो. कुठेही न जाणारी सफर रात्रभर वेळ काढत मंद गतीने चालते, तेव्हा पंखांचा उपयोगही घटतो. ज्याला बोट लागते त्याने जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे तर निघण्याच्या एक-दोन तास आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, पोट रिकामे ठेवू नये आणि उघड्या डेकवर क्षितिजाकडे पाहावे. या गोळ्यांनी झोप येते आणि मद्याबरोबर ती धोकादायक ठरते. पोटाच्या साथींत नोरोव्हायरस प्रमुख. त्यावर अल्कोहोलयुक्त जेलपेक्षा साबण आणि पाणी अधिक परिणामकारक.

सुरक्षा : सात आखूड आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा संकेत. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’च्या अपघातानंतर (१३ जानेवारी २०१२, ३२ मृत्यू) नियम बदलला आणि २०१५ पासून चोवीस तासांहून अधिक काळ जहाजावर राहणाऱ्या प्रवाशांची सुरक्षा कवायत (संकटात जमण्याचा सराव) निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. एका रात्रीच्या फेरीवर अनेकदा केवळ ध्वनिफितीवरील सूचना असते. त्यामुळे केबिनच्या दारामागील आराखडा पाहून आपले जमण्याचे ठिकाण आणि तिथवरचा जिना स्वतः पायी चालून पाहणे आवश्यक. ‘एस्टोनिया’ हे तालिन–स्टॉकहोम फेरीजहाज २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री नाळेचे झाकण तुटून वाहनतळात पाणी शिरल्याने बुडाले आणि ८५२ जण मरण पावले. वाहनतळावर पाणी साचले तरी जहाज तरावे, यासाठीच्या कडक अटी उत्तर युरोपात त्यातूनच आल्या.

भारत : मुंबई–गोवा किनाऱ्यावरील आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात. भाऊच्या धक्क्यावरून निघालेला चाकरमानी पुष्कळ ठिकाणी खोल पाण्यातच पडावात उतरे. ती गरजेची वाहतूक होती. तिला मिनी क्रूझ म्हणणे सयुक्तिक नाही, पण पावसाळ्यात बंद राहण्याची प्रथा तिच्यातही होती. २००५ मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईहून गोवा व लक्षद्वीपच्या सफरी करू लागले. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ ही जपानी बांधणीची बोट मुंबई–गोवा रात्रीच्या प्रवासासाठी आली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ सुरू झाले. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठीच बांधले होते, म्हणजे मुंबईला मिळालेले हे जहाज मिनी क्रूझच्या मूळ परंपरेतले आहे.

मुंबई ते मार्मागोवा अंतर सुमारे २३० सागरी मैल. १५ नॉटच्या (ताशी १५ सागरी मैलांच्या) गतीने पंधरा-सोळा तास. जहाज पणजीला न लागता मार्मागोव्यास लागते आणि तेथून पणजी साधारण ३० किलोमीटर, म्हणून एका दिवसात उत्तर गोव्याचे किनारे आणि जुन्या गोव्यातील चर्च दोन्ही गाठण्याचा बेत ओढाताणीचा होतो. वास्को आणि दक्षिणेकडील किनारे सोयीचे. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट नव्हे तर छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपच्या सफरीत प्रवेशपरवाना लागतो आणि मोठे जहाज प्रवाळखडकांबाहेर थांबून प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते. वारा वाढला की हे उतरणे ऐनवेळी रद्द होते, आणि सफरीच्या अटींनुसार त्याबद्दल भाड्याचा परतावा सहसा मिळत नाही.