धान्य-सायलोंचे लार्ज फॉरमॅट छायाचित्रण

जुन्या, बहुधा वापरातून गेलेल्या उंच धान्यकोठारांची (सायलो) छायाचित्रे भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याने टिपण्याची पद्धत. त्यात रोलऐवजी सुटी फिल्म वापरतात. एका फिल्मवर एकच चित्र, आकार ४ × ५ किंवा ८ × १० इंच.

बफेलो (अमेरिका) येथे जोसेफ डार्ट यांनी १८४२ मध्ये वाफेच्या बळावर बादल्यांच्या पट्ट्याने धान्य वर चढवणारे कोठार उभारले. लाकडी कोठारांना आगी लागत; म्हणून १८९९-१९०० मध्ये मिनीॲपोलिसजवळ सलोह काँक्रीटचा गोल सायलो बांधून पाहण्यात आला. आकार म्हणाल तर कणगीचाच, फक्त १०-१२ मजली. वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझ्ये यांनी १९२३ च्या पुस्तकात अशा कोठारांची तारीफ केली. मात्र एका छायाचित्रातले नको असलेले त्रिकोणी माथे त्यांनी खोडून टाकले होते!

साधा कॅमेरा वर वळवला की सायलो निमुळता होत मागे कलल्यासारखा दिसतो. इथे फिल्मची मागची चौकट ओळंब्यात ठेवून फक्त भिंग वर सरकवतात, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. फार सरकवले तर भिंगाचे प्रकाशवर्तुळ अपुरे पडून आकाशाचे कोपरे काळवंडतात. डोक्यावर काळे कापड घेऊन कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेत पाहावे, तर कोठार खाली डोके वर पाय. भिंगाचे छिद्र एफ/३२ इतके बारीक केल्यावर उघडीप (फिल्मवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) सेकंदभर लांबू शकते. वाऱ्याने भाता थरथरला तर फिल्म फुकट. साधली, तर काँक्रीटवरचे साच्याचे वळ आणि गंजाचे ओघळ मोजता येतात.

या प्रकाराचे नाव निघाले की बर्न्ड (१९३१–२००७) आणि हिला बेशर (१९३४–२०१५) हे जर्मन दांपत्य आठवते. १९५९ पासून त्यांनी एकत्र काम केले. ढगाळ आभाळ, सावली नाही, माणूस नाही. शिडी किंवा परांचीवर चढून वास्तूच्या मध्याच्या उंचीवरून चित्र. अशी ९ किंवा १५ चित्रे ते शेजारी-शेजारी लावत, मग एकसारख्या वाटणाऱ्या कोठारांतले फरक दिसू लागतात. १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिकी या कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी.

१९७५ च्या रॉचेस्टरमधील (अमेरिका) ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या छायाचित्र प्रदर्शनात त्यांच्यासोबत अमेरिकन छायाचित्रकार फ्रँक गोल्की होते. बेशर यांनी कटाक्षाने बाजूला ठेवलेला सपाट मुलूख, रस्ता आणि गाव गोल्कींनी आपल्या सायलोंच्या चित्रांत आणले.