‘इन कॅमेरा’ म्हणजे दार बंद, की चित्रण चालू?

मराठी वर्तमानपत्राच्या एकाच पानावर दोन बातम्या सहज सापडतात. कोठडीत मृत्यू झालेल्या आरोपीचे ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ झाले, ही एक. अत्याचाराच्या खटल्यात मुलीची ‘इन कॅमेरा साक्ष’ झाली, ही दुसरी. पहिलीत कॅमेरा चालू असतो, म्हणजे पुढे शंका आली तर पाहता यावे. दुसरीत कोर्टाचे दार लावलेले असते, म्हणजे तिऱ्हाइताने पाहू नये. शब्द एकच आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध टोकांना.

मुळाला धरून आहे तो दुसरा अर्थ. कॅमेरा म्हणजे खोली. लॅटिनने हा शब्द ग्रीकमधून घेतला तेव्हा तो कमानदार छताला होता, पुढे छताखालच्या खोलीला लागला. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला तो चेंबर झाला. पोर्तुगीजांकडून हिंदीला कमरा मिळाला. एका खोलीत राहणारा सोबती, या अर्थाच्या स्पॅनिश शब्दातून कॉम्रेड आला. मराठीने आपली खोली सोडली नाही, पण चेंबर मात्र उचलला आणि हवा तिथे वापरला. वकिलाचे चेंबर असते, व्यापाऱ्यांची चेंबर असते (मुंबईतली 1836 सालची), आणि रस्त्यातल्या ड्रेनेजचेही चेंबरच तुंबते.

फोटोचा कॅमेरा हा या घराण्यातला धाकटा. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. अशा खोलीला 1604 मध्ये लॅटिन नाव मिळाले, कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे अंधारी खोली. खोलीची पेटी झाली, 1839 पासून पेटीतले चित्र टिकवण्याची रीत सर्वांना खुली झाली, ‘अंधारी’ गळून पडले आणि ‘खोली’ हेच यंत्राचे नाव होऊन बसले. कोर्टातल्या ‘इन कॅमेरा’चा या यंत्राशी काही संबंध नाही.

इंग्लंडमध्ये 1913 साली सर्वोच्च पातळीवर एक निकाल झाला. विवाह रद्द ठरवण्याची सुनावणी बंद खोलीत झाली होती. पत्नीने कामकाजाच्या टिपणाच्या प्रती नातेवाइकांना दाखवल्या म्हणून तिच्यावर बेअदबीचा ठपका आला. तो वरच्या न्यायालयाने पुसला आणि न्याय उघड्यावर व्हावा हाच नियम, बंद खोली हा अपवाद, असे ठरले. आपल्याकडचे वकील अजून या निकालाचा आधार घेतात.

आपल्याकडे खरा पेच पडला तो मुंबईत, 1964 मध्ये. एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एक व्यापारी साक्षीदार दुसऱ्यांदा पिंजऱ्यात आला आणि म्हणाला, आधीची साक्ष छापून आल्याने माझ्या धंद्याला फटका बसला, आता छापू देऊ नका. न्यायमूर्तींनी तोंडी सांगितले की ही साक्ष वृत्तपत्रांत द्यायची नाही. लेखी आदेश नव्हताच. दार उघडे होते, लोक बसले होते, ऐकत होते. बंदी होती ती फक्त बातमीवर. पत्रकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1966 मध्ये 9 न्यायमूर्तींच्या पीठाने 8 विरुद्ध 1 असा कौल त्यांच्याविरुद्ध दिला. बहुमताचे एक मुख्य सूत्र असे की, न्यायासाठी गरज पडली तर कोर्टाला संपूर्ण सुनावणी बंद खोलीत घेता येते. मग त्यापेक्षा सौम्य उपाय म्हणून प्रसिद्धी रोखताही येते. इथेच ‘इन कॅमेरा’ हा शब्द खोलीतून बाहेर पडून छापखान्यापर्यंत पोचला. मला हे सूत्र तेव्हाही जास्त ताणलेले वाटले असते, आजही वाटते. बंद दाराआड कुणाचे तरी दुबळेपण झाकायचे असते. इथे झाकला जात होता एका व्यापाऱ्याचा धंदा. विरोधात गेलेल्या एकट्या न्यायमूर्तींचे निकालपत्र म्हणूनच पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते.

बंद दार खरोखर ज्यांच्यासाठी हवे होते त्यांना ते उशिरा मिळाले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोलीस निर्दोष सुटले. त्यावर देशभर उठलेल्या संतापातून 1983 ची दुरुस्ती आली आणि बलात्काराचे खटले इन कॅमेरा चालवणे कायद्याने बंधनकारक झाले. घटस्फोटाच्या कामांना ही तरतूद 1976 मध्येच लागू झाली होती. बालकांसाठी 2012 च्या कायद्याने ती आणली आणि मुलाच्या विश्वासातले माणूस आत राहील याचीही सोय केली.

कोर्टाच्या बातम्या करताना एका जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. पुकारा झाला. पट्टेवाल्याने ‘इन कॅमेरा आहे, बाकीचे बाहेर व्हा’ असे ओरडून दार ओढून घेतले. बाकावर बसलेल्या आईने मुलीचा हात घट्ट धरला आणि सरकारी वकील बाईंना विचारले, ‘ताई, हिचं शूटिंग करणार का?’ बाईंनी खाली वाकून समजावले की उलट आहे, आत कुणीच नसणार, तुम्ही असाल. आईचा विश्वास बसेना. तिने बातम्यांत ऐकलेला इन कॅमेरा वेगळाच होता.

तो वेगळा अर्थ कुठून आला याचा धागा सापडतो. कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे व्हिडिओ चित्रण करा, असे 1995 मध्ये राज्यांना कळवण्यात आले. मागणी रास्त होती. रुग्णालयाबाहेर ठिय्या देणाऱ्या नातेवाइकांना आपल्या मागणीसाठी एक शब्द हवा होता आणि ‘इन कॅमेरा’ तयारच होता, त्यात कॅमेराही होता. ‘चित्रीकरणासह शवविच्छेदन’ म्हटले असते तर गोंधळ टळला असता. कोर्टासाठी ‘बंद दालनात सुनावणी’ हे शब्द मराठीत केव्हाचे आहेत, मी बातमीत तेच लिहितो.

आता खरा कॅमेराही कोर्टात आला आहे. थेट प्रक्षेपणाला 2018 च्या निकालाने वाट करून दिली आणि 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठाचे कामकाज घरबसल्या दिसू लागले. त्या कॅमेऱ्यापासून इन कॅमेरा खटले अर्थातच वगळलेले आहेत. बालकाची साक्ष मात्र बंद दाराआड असूनही व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येते, म्हणजे तिथे दोन्ही अर्थ एका खोलीत येतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बलात्काराचे खटले बंद दाराआड चालवण्याची तरतूद कलम 366 मध्ये आहे. इंग्रजी मजकुरात ‘इन कॅमेरा’ हाच शब्द ठेवला आहे.