खवट तेल ते सिरियमचे कण

करडईच्या तेलाच्या जुन्या डब्यावर बोट फिरवून पाहा. ओघळ सुकलेल्या जागी चिकट थर हाताला लागतो, पुसता पुसत नाही. बायोडिझेल टिकत नाही म्हणजे टाकीत आणि फिल्टरमध्ये नेमका हाच थर धरतो. बायोडिझेलमध्ये घालायच्या नॅनोकणांची, म्हणजे धातूच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांची, गोष्ट इथूनच सांगायला हवी.

1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. पण नुसतं तेल डिझेलपेक्षा दहापट दाट, त्याने नोझल चोंदतं. उतारा 1937 मध्ये बेल्जियमच्या एका पेटंटात सापडतो: तेलाची अल्कोहोलशी अभिक्रिया घडवायची, ग्लिसरीन वेगळं काढायचं. उरतं ते एस्टर, म्हणजेच बायोडिझेल. आपल्याकडे 2003 पासून बायोडिझेलसाठी मोगली एरंडाचा (जट्रोफाचा) गाजावाजा झाला. 2009 च्या धोरणाने 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रणाचं स्वप्न दाखवलं. कोरडवाहू माळावर ते झाड जगतं, पण पाण्यावाचून बी भरत नाही. 2018 च्या धोरणात बायोडिझेलचं उद्दिष्ट 2030 पर्यंत 5 टक्क्यांवर आलं.

दाटपणा गेला, खवटपणा मात्र राहिला. करडईच्या तेलात साधारण 75 टक्के लिनोलिक हे मेदाम्ल असतं, आणि त्याचं एस्टर ओलिक या दुसऱ्या मेदाम्लाच्या एस्टरपेक्षा सुमारे 40 पट वेगाने ऑक्सिजन धरतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्या पिकाचे वाण दिले, त्याचं तेल ताटात उत्तम, टाकीत नाजूक. करंजाच्या तेलात ओलिक जास्त, म्हणून ते अधिक तग धरतं. टिकाऊपणा मोजताना इंधन 110 अंशांवर तापवून त्यातून हवा सोडतात आणि ते किती तास टिकतं ते पाहतात. युरोपीय मानकाने आधी 6 तास मागितले, पुढे 8. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पिंपाला तर रोजच परीक्षा.

या नॅनोकणांत सिरियम या धातूचं ऑक्साइड येतं. इंधनात सिरियमचा वापर जुना आहे. 2000 साली प्यूजो 607 मध्ये धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला सिरियमयुक्त द्रव्य इंधनात मिसळत. सिरियम ऑक्साइड गरजेनुसार ऑक्सिजन देतं आणि परत घेतं. म्हणून दहा लाख भागांत 25 ते 100 भाग इतक्या अल्प मात्रेत त्याचे नॅनोकण बायोडिझेलमध्ये घालून प्रयोग झाले. ज्वलन सुधारतं, कार्बन मोनॉक्साइड घटतो, असे निष्कर्ष अनेक प्रयोगांत निघाले. पण कण तळाशी बसतात, म्हणून ध्वनिलहरींनी घुसळून, वर पृष्ठक्रियाकारक (कणांना एकमेकांना चिकटू न देणारं, साबणासारखं द्रव्य) घालून ते तरंगते ठेवावे लागतात. शिवाय तांबं आणि लोखंड तर तेल उलट लवकर खवट करतात, त्यामुळे वाटेल त्या धातूचा कण घालून चालत नाही. माझं स्पष्ट मत असं, की टिकण्यासाठी आधी टीबीएचक्यूसारखं प्रतिऑक्सिडक (तेल खवट होणं लांबवणारं रसायन) घालावं, नॅनोकणांकडे ज्वलनासाठी पाहावं.

आणि सिरियम जळून नाहीसं होत नाही. प्यूजोमध्ये ते फिल्टरमध्ये अडकायचं. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला तसा फिल्टरच नाही, आणि त्याचं धुराडं चालवणाऱ्याच्या तोंडासमोर उभं असतं.